राणीनं वेल मागितली

एका राज्यात, जिथं पाखरं माणसांशी बोलत आणि माणसं पाखरांचं ऐकत, तिथं एक राणी होती. पण ती त्या राज्याची नव्हती. समुद्रापलीकडच्या खाऱ्या देशातून गलबतात घालून तिला आणली होती. तिचं तिथलं नाव काय होतं, ते आता कुणाला ठाऊक नाही. लग्नात राजा मेघकेतूनं ताटात तांदूळ पसरले, अंगठीनं त्यात नवं नाव लिहिलं: कमळजा.

भटजी म्हणाले, "नाव घ्या, राणीसरकार."

राणी म्हणाली, "कमलजा."

सगळा मांडव हसला. राजाही हसला, पण त्याचं हसू मायेचं होतं, हे खोटं म्हणता यायचं नाही.

खाऱ्या देशाच्या बोलीत ळ नव्हता. जीभ उलटी वळून वर जाते आणि मग सुटते, ती वाटच राणीच्या जिभेला माहीत नव्हती. सकाळला ती सकाल म्हणे, आणि सज्जातल्या साळुंकीला सालुंकी. साळुंकी चिडायची.

"जीभ मागं वळवा, बाईसाहेब."

"वलवली."

"वळवा!"

"वलवलीच की गं."

"राहू द्या. मीच नाव बदलून घेते."

राजा शूर होता, आणि शूर माणसं घरात थांबत नाहीत. आज शिकार, उद्या स्वारी, परवा सीमेवरची चौकी. राणी सज्जात बसून खाऱ्या देशाचं गाणं म्हणायची, साळुंकी ऐकायची. वर्ष गेलं, मुलगा झाला. नाव धीरसेन ठेवलं. त्यात ळ नाही, हे राणीनं आधी पाहून घेतलं होतं.

बारशाला राजा आला. पाळण्यात डोकावला आणि लगेच कमरेचा पट्टा आवळू लागला. "राणी, पुत्र दिलास. माग, काय हवं ते माग."

राणी म्हणाली, "दागिना नको, वस्त्र नको. थोडा वेल द्या, महाराज."

तिला वेळ हवा होता. राजानं वेल ऐकली.

"थोडा नव्हे गं, थोडी म्हणावं," राजा म्हणाला. "आणि थोडी तरी कशाला? अख्खी आणतो!"

त्या मुलखात राणीनं मागावी अशी वेल एकच होती. उंबरबागेतली सोनवेल. तिच्यावर एका मांत्रिकाचा पहारा होता आणि शाप होता: जो तोडील तो दगड होईल. राणी पायऱ्यांपर्यंत धावली. "वेल नको, महाराज! वेल नको, वेल!" राजानं घोड्यावरून हात हलवला. बायका घाबरतात, असं म्हणून तो गेला.

मांत्रिकाचा पहारा चुकवत तिसऱ्या दिवशी आला. हातात सोन्याची वेल, तोंडावर सोन्याचं हसू. पहिल्या पायरीवर पाय ठेवला, हात पुढं केला, "घे," म्हणाला, आणि दगड झाला. आधी टाच, मग गुडघा, मग छाती. हसू सगळ्यात शेवटी गोठलं.

प्रधान शूलपाणीनं दरबार भरवला. राणी उभी राहिली आणि म्हणाली, "मी वेल नव्हता मागितला. मी वेल मागितला होता."

कुणी हसलं, कुणी थुंकलं. प्रधान शांतपणे म्हणाला, "म्हणजे ही वेल नव्हे, दुसरी? किती वेली लागतात हो बाईसाहेब, तुमच्या देशात?"

खरं काय ते सांगायला तोच शब्द लागत होता जो तिला येत नव्हता. ती खाली बसली.

पण कायदा असा, की वारस लहान असेल तर शिक्का वारसाच्या आईकडे जातो. प्रधानानं शिक्का दिला, तोही दोन बोटांनी धरून. "घ्या. गादीवर मात्र बसू नका. परकं माणूस गादीला सोसत नाही." राणी गादीवर बसली नाही. ती पहिल्या पायरीवर बसली, दगडाच्या राजाच्या पायाशी. तिथूनच तिनं राज्य केलं.

त्याआधी ती एकटी, पायी, उंबरबागेत गेली. मांत्रिक आळ्यात पाणी सोडत होता. मान वर न करता म्हणाला, "बाई, तू वेल मागितली नव्हतीस."

राणी हुंदका देऊन म्हणाली, "नाही."

"हे कुणाला कळलं?"

"तुम्हाला. पहिल्यांदा."

"मला कळून उपयोग नाही. शाप शब्दानं ओढवला, शब्दानंच उतरेल. तीन कामं कर. एक, वेल आणून होती तिथं लाव. दोन, तू जे मागितलंस ते बारा वर्षं दुसऱ्यांना दे. जो येईल त्याला, मागेल तितकं. तीन, राजापुढं उभी राहून खरं काय मागितलं होतंस ते सांग. बारा वर्षं भरतील त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत हे झालं नाही, तर मुलगाही दगड होईल."

पहिलं काम सोपं होतं आणि तेच महागात पडलं. राणी वेल काढू लागली तशी दगडी बोटं आपोआप उघडली. वेल तिच्यासाठीच आणली होती ना! चौकातली माणसं म्हणाली, "बघा, नवरा दगड झाला तरी हिची हाव सुटत नाही." तिनं ती अनवाणी नेऊन लावली. लावताना कुणी पाहिलं नाही. नेताना सगळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून तिचं नाव पडलं वेलवाली.

दुसरं काम बारा वर्षांचं. पायरीवर जो आला त्याचं तिनं ऐकलं. मधे तोडलं नाही, उठली नाही. सीमेवरचे सरदार आले, नदीचे वाटे मागणारी गावं आली. ठकी कुंभारीण आली, ती एका कोंबडीचं गाऱ्हाणं सूर्य डोक्यावर येईपर्यंत सांगत बसली. कोंबडी कुठल्या घरातून आली, तिची आई कशी होती, शेजारणीची नजर कशी वाईट. राणीनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "तिचा रंग कसा होता?"

ठकी चपापली. "तांबडा, बाईसाहेब. एवढं आजवर कुणी विचारलं नव्हतं."

कोंबडी परत मिळाली. घरी जाताना वेशीवर ठकीनंच शेजारणीला सांगितलं, "वेलवाली वाईट नाही गं. पण परकी ती परकीच."

बारा वर्षांत लढाई झाली नाही, कोठारं भरली, राणीचे केस पांढरे झाले. धीरसेन मोठा झाला. तोसुद्धा कधी सवंगड्यांत आईची नक्कल करायचा: सकाल, कमल, बाल. आईनं ऐकलं की गप्प व्हायचा.

उरलं तिसरं काम. साळुंकीनं बारा वर्षं शिकवलं, जीभ वळली नाही. शेवटच्या दिवशी सकाळी धीरसेनाच्या पायाची बोटं राखाडी झाली. तो म्हणाला, "आई, पाय गार लागतोय." राणी घोड्यावर बसली आणि उंबरबागेत पोचली तेव्हा ऊन तापलं होतं. वेलीला एक फूल आलं होतं.

"मला तो शब्द द्या," राणी म्हणाली.

"देतो. पण एका जिभेवर दोन घरं नांदत नाहीत. हा शब्द आला की तुझ्या देशाची बोली जाईल. सगळी. गाण्यासकट."

"मुलगा वाचेल?"

"वाचेल."

"मग घ्या."

मांत्रिकानं फूल तोडून तिच्या जिभेवर ठेवलं. ते कडू होतं.

परतीच्या वाटेवर बंदर लागतं. तिथं खाऱ्या देशाचं गलबत लागलं होतं. एका म्हाताऱ्या खलाशानं तिला ओळखलं, धावत आला, हात जोडले आणि काहीतरी बोलला. बोलताना रडला. राणीला एक अक्षर कळलं नाही. ती म्हणाली, "बाबा, काय म्हणता?" खलाशी तिच्या तोंडाकडे पाहतच राहिला. तिनं घोडा हाकला.

राजवाड्यापाशी पोचली तेव्हा धीरसेन गुडघ्यापर्यंत दगड झाला होता आणि सूर्य पार खाली उतरला होता. राणी राजापुढं उभी राहिली.

"महाराज, मी वेळ मागितला होता. थोडा वेळ."

दगडाला घाम फुटला. छाती हलली, गुडघा वाकला. तिकडे धीरसेनानं पाय उचलला आणि ओरडला, "आई, आला! पाय आला!" राजानं डोळे उघडले. होता तसाच, पंचविशीतला. रिकाम्या हाताकडे बघून म्हणाला, "वेल कुठं गेली? राणीसाठी आणली होती."

"मीच ती. कमळजा."

राजानं तिच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. मग हसला, पण हे हसू परक्या माणसासाठी असतं तसं होतं. "नाही हो बाई. माझ्या राणीला स्वतःचं नावसुद्धा धड घेता येत नाही. तेच तर ऐकायला गोड वाटतं."

धीरसेन म्हणाला, "बाबा, ही आईच आहे."

राजा प्रधानाकडे वळला. शूलपाणीनं मान खाली घातली आणि म्हणाला, "खरं आहे, महाराज. बारा वर्षं झाली." मग बारा वर्षं साठवलेली घाई त्याच्या तोंडून निघाली. "दरबार भरलाय. सरदार थांबलेत. चलावं."

राजा पायऱ्या चढू लागला. तिसऱ्या पायरीवर थांबला, मागं न वळता म्हणाला, "बाईसाहेब, सवडीनं बोलू. आता वेळ नाही."

शाप उतरला. राजा गादीवर बसला, वारस त्याच्या शेजारी बसला, नगारे झडले. राज्य ठिकाणावर आलं. साळुंकी सज्जातून ओरडली, "आज ळ बरोबर आला, बाईसाहेब!"

राणी सवयीनं पहिल्या पायरीवर बसली. ठकी कुंभारीण नगारे ऐकून आली होती. गर्दी वर गेली तशी ती राणीच्या शेजारी टेकली. म्हणाली, "आज माझं काही गाऱ्हाणं नाही. आज तुम्ही सांगा, मी ऐकते. मला वेळ आहे."

राणीनं तोंड उघडलं. शब्द सगळे होते, ळसुद्धा होता. पण जे सांगायचं होतं ते खाऱ्या देशाच्या बोलीतलं होतं.

ठकी दिवे मालवेपर्यंत बसून राहिली.

वेलीची गोष्ट ही एवढीच. ज्याला वेळ असेल त्यानं ऐकावी. नसेल त्यानं निदान नाही म्हणताना मागं वळून बघावं.