डोंगराचं पोट आणि सुरंगीची भिंत

एक होता डोंगर. राजा नव्हे, डोंगर! राजाही होता, येतोच तो. पण डोंगर त्याच्या आधीपासून होता की नाही? मग पहिलं नाव डोंगराचं.

तर या डोंगराच्या उतारावर राजाची बाग होती. बागेच्या अगदी कडेला एक झाड होतं, नीजफुलाचं. तसलं झाड जगात दुसरं नव्हतं, बरं का. तिन्हीसांजेला त्याची फुलं उमलायची. वास हळूहळू खाली गावात उतरायचा. मग बाळं झोपायची, बैल झोपायचे, राजवाड्याचे पहारेकरीसुद्धा झोपायचे. त्या वासाशिवाय त्या राज्यात कुणाचा डोळा लागायचाच नाही.

पण उतारावरची माती ती, एका जागी बसतेय कशाला! दर पावसाळ्यात थोडी थोडी खाली घसरायची. करता करता झाडाच्या मुळांखालची मातीही सुटायला लागली. राजाला काळजी लागली. झाड गेलं की राज्याची झोप गेली!

राजाला तीन काका होते. एकाहून एक म्हातारे. राजाची मुलगी सुरंगी त्यांना थोरले आजोबा, मधले आजोबा आणि धाकटे आजोबा म्हणायची. राज्यात काहीही करायचं असलं की आधी या तिघांना विचारायचं. ते मान हलवेपर्यंत बाकीच्यांनी हात बांधून बसायचं. सुरंगीला याचा भारी राग यायचा.

"बाबा, मातीला भिंत घालायला हवी. मी बघते," ती म्हणाली.

"तू?" धाकटे आजोबा खो खो हसले. "तुझी वेणी अजून आई घालते. भिंत कसली घालतेस?"

मग धाकट्या आजोबांनीच भिंत बांधली. उंच! ताठ! बघत राहावी अशी. पण तिला पायाच नव्हता. जेवणाची वेळ झाली होती ना, म्हणून भुसभुशीत मातीवरच दगड रचून मोकळे झाले. मग पाऊस आला. मातीचा चिखल झाला. आणि ती ताठ भिंत नाकावर आपटली, धडाम! झाडाची एका बाजूची मुळं उघडी पडली. फुलं निम्मी झाली, आणि गावाची झोपही निम्मी झाली.

मग मधले आजोबा पुढे आले. त्यांनी खोल पाया खणला, कडक मुरूम लागेपर्यंत. ते बरोबरच होतं हं, खोटं कशाला बोलू. हत्तीसारखी जाड भिंत बांधली. वरून चुन्याचा गिलावा केला, आरशासारखा. आणि मग त्या घराण्याची रीत झाली. म्हणजे काय, तर भिंत पुरी झाली की थोरल्या आजोबांनी तिच्यावरून अंगठा फिरवायचा. कुठे फट लागली की लगेच बुजवायची. भिंतीला भोक राहिलं तर घराची बरकत गळून जाते, असं ते मानायचे.

"मुंगीलासुद्धा जागा ठेवली नाही!" थोरले आजोबा खूश झाले.

पाऊस आला. भिंत उभी! तिघांनी मिशांना पीळ दिला. पण दिवसामागून दिवस पाऊस पडत राहिला, आणि भिंत फुगायला लागली. कशी? कढईतल्या पुरीसारखी. फुगली, फुगली, आणि फाट्कन फुटली! अर्धी बाग खाली आली. झाड तिरकं होऊन चार मुळांवर लोंबायला लागलं. फुलं उरली ओंजळभर.

मग काय विचारता! गावाची झोपच उडाली. गवळी बैलाखाली चरवी घेऊन बसला. कोंबडे भरदुपारी आरवायला लागले. राजा मुकुट म्हणून पातेलं घालून दरबारात आला, आणि कुणाला हसण्याचंही त्राण नव्हतं. बाळं तर रडून रडून लाल झाली.

सुरंगी तरातरा डोंगरावर गेली. रागारागानं तिनं त्याला एक लाथ घातली.

"आई गं!" डोंगर ओरडला. "पोटात काय मारतेस? आधीच फुगलंय!"

हो, डोंगर बोलला! सुरंगी क्षणभर दचकली. पण क्षणभरच.

"कशानं फुगलंय?"

"पावसानं. तो वरून ओततो, मी पितो. मग ते पाणी कुठून तरी बाहेर पडायला नको? तुम्ही माझ्या तोंडावर भिंत घातलीत आणि एक भोक ठेवलं नाहीत. तूच सांग, तुला जोराची लागली आणि कुणी बाहेरून कडी घातली तर?"

हसू नका रे! आणि ज्यांना जायचंय त्यांनी आत्ताच जाऊन या.

सुरंगी मात्र हसली नाही. "मग हे आधी सांगायचं ना! हजार वर्षं तोंड शिवून बसायचं आणि वर भिंती पाडायच्या! सगळे म्हातारे मेले सारखेच!"

"मला कुणी विचारलंच नाही," डोंगर हिरमुसून म्हणाला.

"मी विचारतेय. बोला!"

मग डोंगर बोलला. किती बोलला! हजार वर्षांचं साठलं होतं त्याचं.

सुरंगी खाली आली ती थेट राजापुढे उभी राहिली. राजाच्या डोळ्यांखाली ही काळी वर्तुळं. "कर गं बाई, काय करायचं ते कर," तो म्हणाला. "मला फक्त झोपू दे."

मग सुरंगीनं कामाला सुरुवात केली. आधी झाडाला दोर बांधून टेकू दिले. मग मुरमापर्यंत पाया खणला आणि सगळ्यांत मोठे धोंडे तळाशी बसवले. भिंत ताठ नाही उभी केली हं. जराशी डोंगराकडे रेललेली ठेवली, तुम्ही उशीला रेलता ना, तशी. मधे मधे एकेक लांब दगड आडवा घातला. त्याचं डोकं बाहेर आणि शेपूट आत डोंगराकडे. म्हणजे भिंतीनं डोंगराला धरलं, आणि डोंगरानं भिंतीला.

मग खरी गंमत. भिंत आणि माती यांच्यामध्ये तिनं नुसते गोटे भरले, नदीतले गोल गोल. पाण्याला उतरायला वाट नको? पण माती गोट्यांत शिरली तर वाट बुजणार. म्हणून मधे काथ्याची चटई उभी केली. पाणी येईल, माती येणार नाही! आणि भिंतीत खालच्या अंगाला खापराच्या नळ्या बसवल्या, बाहेरच्या बाजूला किंचित उतरत्या. नळ्यांखाली चर खणला, आणि चर नेऊन सोडला गावच्या कोरड्या हौदात.

भिंत पुरी झाली. गाव नाचलं. जेवणावळ बसली. पण थोरले आजोबा भिंतीवरून अंगठा फिरवायला गेले, आणि त्यांचा अंगठा गेला थेट भोकात!

"अरे देवा! ही तर सगळी चाळण केलीय!"

तिघे म्हातारे घाबरले. दुष्ट नव्हते हं ते. घराची बरकत जाईल असं त्यांना खरंच वाटत होतं. मग सगळे पंगतीत जिलबी खात असताना तिघे गुपचूप मागे गेले. त्यांनी लाकडाच्या खुंट्या आणल्या आणि एकूण एक नळीत ठोकून बसवल्या. सुरंगीला पत्ताच नाही!

आणि मग पाऊस आला. कसला पाऊस! दोऱ्या सोडल्यासारखा. सुरंगी राजवाड्याच्या सज्जात उभी होती. एवढ्यात डोंगराची हाक आली, "सुरंगीऽऽ! कडी काढ! लवकर कडी काढ!"

सुरंगी धावली. चिखलातून, पाण्यातून, परकर खोचून धावली. बघते तर काय, चर कोरडा! भिंत कण् कण् कण् करतेय. वर झाड डुलतंय, एकेक दोर तुटतोय, तट् तट्!

"कुणी बुजवलं हे?" ती किंचाळली.

एका घोंगडीखाली तीन म्हातारे उभे होते. तिघे जमिनीकडे बघायला लागले.

भांडायला वेळ कुठे होता! तिनं पहिली खुंटी उपटली, पाणी उसळलं. दुसरी उपटली, तिसरी उपटली. तिचं बघून मधले आजोबा आणि धाकटे आजोबाही खुंट्या काढायला लागले. एकेक निघाली. पण झाडाच्या बरोबर खालची, सगळ्यांत जाड, ती काही निघेना. सुरंगीनं भिंतीला पाय लावून ओढली. हलेना! वरून एक दगड निसटला.

"ओढू नकोस! पीळ!" थोरले आजोबा घोंगडी टाकून धावत आले. "मी पिळून बसवलीय ती!"

सुरंगीच्या अगदी जिभेवर आलं होतं, तुम्ही गप्प बसा. पण तिनं ते गिळलं. जरा बाजूला सरकून म्हणाली, "मग बघत काय बसलात? धरा!"

दोघांनी मिळून पिळली. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा सुटली! खुंटी उडाली आणि पाण्याचा लोट थेट थोरल्या आजोबांच्या तोंडावर. मिशा गळाल्या, पागोटं गेलं वाहत! भिंतीनं एक लांब सुस्कारा सोडला आणि घट्ट बसली. झाड डुलायचं थांबलं.

"सुटलो बाई," डोंगर म्हणाला.

थोरल्या आजोबांनी तोंड पुसलं. "पण पोरी, बरकत?"

सुरंगीनं खाली बोट दाखवलं. कोरडा हौद काठोकाठ भरत होता.

"ती काय, तिकडे गेलीय," ती म्हणाली. "उद्या घागर घेऊन जा, आजोबा."

म्हाताऱ्यांनी वाकून हौदाकडे बघितलं. मग धाकटे आजोबा हसले, मग मधले हसले, आणि मग थोरले तर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

पाऊस ओसरला. तिन्हीसांजेला नीजफुलं उमलली आणि वास गावात उतरला. बाळं झोपली. बैल झोपले. राजा पातेल्यासकट झोपला. तिघे आजोबा भिंतीला टेकून बसल्या बसल्याच घोरायला लागले. सुरंगीनं त्यांच्यावर सुकं पांघरूण घातलं, एक मोठ्ठी जांभई दिली आणि तीही झोपली.

पुढे किती पावसाळे आले आणि गेले. भिंत हलली नाही, झाड पडलं नाही, आणि ती सगळी माणसं सुखानं राहिली. माझ्याजवळ होती तेवढी गोष्ट मी सांगितली. आता पांघरुणं गळ्यापर्यंत ओढा, पाय पोटाशी घ्या आणि झोपा.