ओसेच्या आईने गप्प केलेला कडा

डावीकडचा हा काळा कडा नीट बघून घ्या. आपली बोट त्रोंगाफ्योर्डमध्ये शिरल्यापासून तुम्ही मंडळी हाका मारताय आणि दोन्ही बाजूंचे डोंगर त्या इमानेइतबारे परत करताहेत. आता या कड्याकडे तोंड करून मारा. लाजू नका, इथे येणारे सगळेच मारतात. आलं काही परत? नाही येणार. खडक ठिसूळ आहे, आवाज पिऊन टाकतो, असं कोणी म्हणतं. म्हणोत बापडे. आमच्याकडे वेगळं सांगतात.

फ्योर्ड म्हणजे डोंगरांच्या पोटात लांबवर घुसलेला समुद्र. कधीकाळी बर्फाच्या नद्यांनी हा खोल चर कोरला आणि ते बर्फ वितळल्यावर त्यात समुद्र शिरला. इथे काठ असा नाहीच. पाण्यातून सरळ भिंती उठतात. म्हणून जुन्या लोकांनी घरं बांधली ती या भिंतींवरच्या टप्प्यांवर, जिथे चार शेळ्यांपुरतं गवत उगवतं. अंगणात खेळणाऱ्या पोरांच्या कमरेला दोरी बांधून ठेवावी लागे. हिवाळ्यात सूर्य कड्यांच्या मागून मागूनच निघून जातो. आणि फ्योर्ड इतका चिंचोळा, की या भिंतीवरच्या बाईने समोरच्या बाईला मीठ आहे का विचारावं आणि घरबसल्या उत्तर मिळावं.

उजवीकडे वर तो हिरवा तुकडा दिसतो ना, तिथे रागन्हिल राहायची. नवरा यॉन हिवाळाभर उत्तरेला मासेमारीसाठी गेलेला, घरची एकुलती होडी त्याच्याबरोबर. घरात रागन्हिल आणि तिची सात वर्षांची लेक ओसे. आधीची दोन मुलं देवाने पाळण्यातूनच नेली होती, त्यामुळे आईचा सगळा जीव या एकीत. समोर, या मुक्या कड्याच्या पायरीवर, गुरो आणि तिचा नवरा अस्लाक, पदरी चार मुलं. रोज संध्याकाळी रागन्हिल हाक द्यायची आणि गुरो ओ द्यायची. ओ आली की समजायचं, समोर सगळं ठीक आहे.

मात्र हिवाळ्यात एक वेळ अशी यायची की ही हाकही बंद. वरच्या कड्याच्या ओठावर बर्फाचा मोठा थर लोंबू लागला, की सगळ्या फ्योर्डने मौन धरायचं असा नेमच होता. आवाजाने थर सुटतो आणि खालचं घर गाडून टाकतो, असा सगळ्यांचा पक्का विश्वास. मग शेळ्यांच्या घंटांत लोकर कोंबायची, कुत्र्यांची तोंडं बांधायची. देवळाची घंटासुद्धा मुकी राहायची. पोरं कुजबुजतच भांडायची.

त्या वर्षी बर्फ लोंबलं ते नेमकं गुरोच्या घरावर. रागन्हिलच्या दारातून ते उघड दिसायचं. मग कडाक्याची थंडी पडली, पाण्यातून वाफ उठली आणि धुक्याने फ्योर्ड काठोकाठ भरला. समोरचं घर दिसेना, धूर दिसेना. वर बर्फाचा थर तेवढा दिसत राहिला.

आणि त्याच दिवसांत ओसेला घटसर्प झाला. गळा सुजला, घशात पांढरा पडदा धरला, श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. या रोगावर सगळ्या फ्योर्डमध्ये एकच हात होता, तो गुरोचा. कोवळ्या पिसाने ती तो पडदा असा अलगद सोडवायची, की मूल रडायच्या आत मोकळा श्वास घ्यायचं. म्हणजे इलाज हाकेच्या अंतरावर होता, आणि हाक तेवढी मारायची नव्हती.

रागन्हिल खालपर्यंत उतरली असती, पण गुदमरत्या पोरीला टाकून उतरायचं कशासाठी? खाली होडी नव्हती. ती ओसेला मांडीवर घेऊन बसली. पोरीने फुटेल तेवढ्या आवाजात विचारलं, "आई, गुरोमावशीला बोलाव ना."

"येईल हं," रागन्हिल म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

दुपारी खालून वल्ह्यांचा आवाज आला म्हणे. अगदी हलका, पण आला. रागन्हिल धावत कड्याच्या टोकाशी गेली. कोणाची का होईना, होडी होती. एक हाक मारली की होडी थांबेल, समोर जाईल, गुरोला घेऊन येईल. तिने छातीत श्वास भरला, तोंड उघडलं आणि समोर नजर गेली. धुक्याच्या वर तो थर. त्याच्या खाली, तिच्या हिशेबी, गुरोची चार मुलं चुलीभोवती बसलेली. आपल्या एकीसाठी तिची चार गाडायची? तिने तोंड मिटलं. खांद्यावरची लाल शाल ओढून काढली आणि खाली टाकली. वर बघतील, काहीतरी समजतील. धुक्याने शाल गिळली. वल्ह्यांचा आवाज लांब गेला. संध्याकाळच्या आत ओसे गेली.

जमीन दगडासारखी गोठलेली, होडी नाही. रागन्हिलने लेकीला दुलईत गुंडाळून कोठारात ठेवलं आणि रोज सकाळी तिच्याशी बोलून मग शेळ्यांकडे जाऊ लागली. वसंत आला. समोरचं बर्फ कोसळलं नाही. थेंब थेंब गळून, कोणालाही न दुखवता ते वितळून गेलं.

यॉन परतल्यावर नवराबायको छोटी पेटी घेऊन देवळात गेले. तिथे गुरो भेटली, मुलांसकट, सगळी टुणटुणीत. तिने रडत रागन्हिलला मिठी मारली. मग गाठोड्यातून धुतलेली, घडी घातलेली लाल शाल काढली.

"ही तुझीच ना गं? पाण्यावर तरंगत होती. वाऱ्याने उडाली असेल म्हटलं, म्हणून जपून ठेवली."

रागन्हिलने शाल हातात घेतली. "त्या दिवशी वारा नव्हता, गुरो. तू कुठे होतीस?"

"होडीत. वरचं बर्फ तडतडायला लागलं, तशी आम्ही पोरं घेऊन माझ्या माहेरी निघालो. तुझ्याच कड्याच्या पायथ्यावरून गेलो की!"

"मला सांगितलं नाहीस?"

"वर चढून यायचं तर अर्धा दिवस मोडला असता. आणि बर्फाखाली हाक कशी मारणार, तूच सांग."

रागन्हिल शाल घेऊन वळली. गुरोला सांगण्यासारखं होतं काय? जिच्या मुलांसाठी रागन्हिल गप्प बसली, ती त्या मुलांना घेऊन तिच्या पायाखालून जात होती, तीही गप्प. ज्या घरासाठी ओसे गेली, त्यात चिटपाखरूही नव्हतं. इतकं वाईट शत्रूच्या वाट्यालाही येऊ नये.

त्या उन्हाळ्यात ती रोज संध्याकाळी टोकाशी उभी राहून लेकीला हाक मारायची. "ओऽसे!" आणि हा कडा तेच नाव तिला परत करायचा. पहिले काही दिवस तिला बरं वाटलं असावं, आणखी कोणीतरी आपल्या पोरीला शोधतंय असं. पण एका संध्याकाळी तिचा संताप अनावर झाला. ती ओरडली, "तेव्हा तुझ्या धाकाने मी तोंड मिटलं. आता माझी पोर मला परत करता येत नाही तर तिचं नाव कशाला परत करतोस? मीट तोंड!"

कड्याने मिटलं. असं सांगतात, की ते वाक्यसुद्धा परत आलं नाही.

खरी गोष्ट कानावर आल्यावर गुरो सुकत गेली. या पाण्यातून जाताना ती होडी थांबवायची, वल्हं होडीच्या काठावर आपटायची आणि मान वर करून बसून राहायची. मी इथे आहे, काही हवं असेल तर सांग, एवढाच त्याचा अर्थ. रागन्हिल वरून बघायची. मरेपर्यंत तिने एकदाही ओ दिली नाही, आणि आमच्यापैकी कोणी त्याबद्दल तिला बोल लावत नाही.

आजही या जागी आल्यावर प्रत्येक होडी थांबते. आमच्या या इंजिनाच्या बोटीला वल्ह्याची काही गरज नाही, पण एक वल्हं आम्ही बाळगतो, ते एवढ्यासाठीच. हे बघा, असं आपटायचं. मग थोडा वेळ वर बघायचं. वरचं घर कधीच पडलं. तिथे आता ना आई आहे, ना आजारी लेकरू. जेव्हा होतं, तेव्हा आम्ही आवाज न करता खालून निघून गेलो. आता आमची एकही खेप चुकत नाही.