पल्याडचा ‘मगे?’

मंडळी, गोष्ट ऐकताना ‘हं’ म्हणायची सवय चांगली आहे; पण या घाटावर पहिला ‘हं’ तुमचा नाही. मघाशी मी पहिले वाक्य बोलून थांबलो आणि तुम्ही लगेच हुंकार दिलात. आमची माणसे मात्र गप्प बसली. त्याला कारण आहे.

पूर्वी इथे धाकू तारी होडी चालवायचा. त्याची एकुलती मुलगी येसू समोरच्या काठावर दिली होती. पावसाळ्यात होडी बंद झाली की लेकीला माहेर कुठले? म्हणून धाकू रोज सांजेला या खडकावर बसून मोठ्याने गावच्या जुन्या गोष्टी सांगायचा. विहीर कोणी खणली, कोणते घर पुरात गेले. नदी इथे अरुंद आहे. पलीकडून येसू विचारायची, “मगे?” म्हणजे, मग पुढे काय? लेक सुखरूप आहे, एवढे त्याला त्यावरून कळायचे.

एका पावसाळ्यात येसू तापाने गेली. पाण्याला इतकी ओढ होती की कोणाला इकडे येता येईना, आणि नदीवरून ओरडून सांगण्यासारखी ती बातमी नव्हती. सांज झाली, धाकूने गोष्ट सुरू केली. तेव्हा येसूची नणंद गोदी काठावर आली आणि पदर तोंडाशी धरून म्हणाली, “हं.” पाऊस सरेपर्यंत ती रोज येत राहिली, असे सांगतात.

पाणी उतरल्यावर धाकू पलीकडे गेला. गोदीने त्याचे पाय धरले.

“काका, मी तुमका फसयलंय.”

“पयल्याच दिवशी कळला माका, बाय. येसू कधी ‘हं’ म्हणा नाय, ‘मगे?’ इचारी.”

“मगे गोष्ट कित्याक सांगीत रवलात?”

“गोष्ट थांबली असती, तर येसू माझी तेवाच संपली असती.”

एवढे बोलून म्हातारा ढसाढसा रडला. त्या सांजेला तो पुन्हा या खडकावर बसला. एक वाक्य बोलला आणि त्याला पुढे बोलवेना. तेव्हा पलीकडून गोदीने विचारले म्हणे, “मगे?”

आता पूल झाला आहे. तरी आजही पल्याडच्या बाईने विचारल्याशिवाय इथली गोष्ट पुढे सरकत नाही. त्या बघा, भागीरथीवहिनी पूल उतरून येतायत. त्यांना बसू द्या. त्या विचारतील, मग मी सांगेन.