हळू हाक

"पण स्वामी, टेपवरच काही नसेल, तर अँप्लिफायर तरी काय करणार? आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?"

भालचंद्रानं विचारलं आणि उत्तर ठाऊक असल्यासारखा मठाच्या ओसरीवर मांडी ठोकून बसला. गडी हुशार, त्यात वाद नाही. पण तोरा असा, की गुरूकडे यायचं तेही आपलंच बरोबर आहे हे वदवून घ्यायला.

निरंजनगिरी पूर्वाश्रमीचे तंत्रनिकेतनातले इलेक्ट्रॉनिक्सचे मास्तर. भालचंद्र त्यांच्याच हाताखाली शिकलेला. भगवी वस्त्रं चढली, तरी स्वामींच्या कोनाड्यात विभूतीशेजारी सोल्डरची गुंडाळी असायचीच.

भालचंद्राचा धाकटा भाऊ जनार्दन दम्यानं गेला. दोघांचा अबोला जुना. शेवटी बोलावणं आलं, तरी भालचंद्र गेला नाही. मग जनार्दननं टेपवर घरातल्या सगळ्यांसाठी दोन-दोन शब्द ठेवले. आईसाठी ठेवले, बहिणीसाठी ठेवले. शेवटी "आता दादासाठी" म्हणाला... आणि पुढे टेप नुसती फिरत राहायची. त्यानं आपल्याला माफ केलं की नाही, एवढंच भालचंद्राला ऐकायचं होतं. त्यापायी त्याला अन्न गोड लागत नव्हतं.

ती टेप ऐकायला भालचंद्रानं बनवलेला अँप्लिफायर स्वामींनी उघडला. एका रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

"इथला रेझिस्टर?"

तो आपणच काढला, असं भालचंद्रानं ऐटीत सांगितलं. त्याच्यामुळे कुणी बोलत नसतानाही ट्रान्झिस्टरमधून थोडा थोडा करंट वाहत राहतो, फुकट सेल संपतात. आवाज आला की होईल की ट्रान्झिस्टर जागा!

"आणि हळू बोलणारा?"

भालचंद्रानं त्या रिकाम्या जागेकडे पुन्हा पाहिलं.

"त्याचा जीव याला उठवण्यातच संपतो रे."

स्वामींनी कोनाड्यातून एक रेझिस्टर काढला आणि डाग देऊन जोडला. उन्हं कलली होती. नदीवरचा वारा पडला होता, पिंपळाचं पानही हलत नव्हतं.

"बोट लाव."

भालचंद्रानं ट्रान्झिस्टरला बोट लावलं. अजून टेप सुरूही केली नव्हती, पण तो कोमट लागत होता. आजाऱ्याच्या कपाळासारखा. भालचंद्रानं बोट चटकन मागे घेतलं.

हा सतत वाहणारा करंट पुढच्या टप्प्यात घुसला तर सगळंच बिघडेल, असं तो पुटपुटला. स्वामींनी मधल्या कपॅसिटरकडे बोट केलं.

"तो बसलाय ना वाटेत. स्थिर असेल ते अलीकडेच अडतं. थरथर तेवढी पलीकडे जाते."

हे बोलताना स्वामी सर्किटकडे बघत नव्हते. भालचंद्राशेजारच्या रिकाम्या चटईकडे बघत होते.

टेप लावली.

"आता दादासाठी..."

आणि मग श्वास. आत, बाहेर. मध्येच अडकणारा, शिटीसारखा वाजणारा. भालचंद्राच्या डोळ्यांना धार लागली. लहानपणी एकाच गोधडीत झोपताना रात्रभर ऐकलेला श्वास होता तो. इतका वेळ हा माझ्यासाठी माइकसमोर बसून होता... आणि मी म्हणत होतो, टेप कोरी आहे.

टेप संपली. खटका वर आला.

श्वास चालूच होता.

भालचंद्रानं कॅसेट बाहेर काढली. हातात धरून तो बघत राहिला. स्पीकरमधून श्वास येतच होता. आत, बाहेर. त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. तो अँप्लिफायर बंद करायला झेपावला, तसं स्वामींनी त्याचं मनगट धरलं.

"स्वामी... हा काही बोलत का नाही?"

स्वामींनी रिकाम्या चटईची दुमडलेली कड हलक्या हातानं सरळ केली.

"तो ऐकायला बसलाय, भालचंद्रा. बोलायचं तुझं राहिलंय."