पट्टीताईंचे नाव

डोंगरापलीकडच्या इवल्याशा पाड्यावर, बांबूच्या चिमुकल्या घरात वेणू आणि तिची आई राहत. झाडावरून पडून आईचा पाय मोडला. राजवैद्यांनी राजधानीच्या संगमरवरी रुग्णालयात हाड सांधले. परंतु मोठी जखम भरायची होती घरच्या चटईवर. खांद्याला निळी पिशवी अडकवून एक बाई रोज रानवाटेने येत आणि पट्टी बदलत. वेणू त्यांना पट्टीताई म्हणे. आईला धरून पाऊल टाकायला शिकवणारे ते चालकाका. आल्याबरोबर ते पायालाच विचारत, की स्वारी आज रुसली आहे की राजी आहे?

वसंतोत्सवासाठी राजधानीत आलेल्या वेणूला राजाने भर दरबारात विचारले, की तुझी आई वाचली ती कोणामुळे? समोर राजवैद्य रेशमी शेला पांघरून बसले होते. भांबावलेली वेणू "यांच्यामुळे" एवढेच म्हणाली. सोनफुलांचा हार राजवैद्यांच्या गळ्यात पडला. गर्दीच्या कडेला उभे राहून पट्टीताई आणि चालकाका मनापासून टाळ्या वाजवत होते. त्या टाळ्या ऐकून वेणूची मान खाली गेली.

पाड्यावर परतल्यावर घरी जायचे धाडस तिला होईना. ती गुलबक्षीच्या ताटव्यात जाऊन रडू लागली. तेव्हा एका मिटल्या कळीवर दवबिंदूंचा मुकुट ल्यालेली, मोरपंखी पंखांची इवलीशी परी उतरली. तिने एक इच्छा देऊ केली आणि नियमही सांगितले. बोललेला शब्द तिला पुसता येत नव्हता. ज्याच्यासाठी मागायचे, त्याचे नाव गुलबक्षी उमलण्यापूर्वी सांगायला हवे होते.

"पट्टीताईंसाठी," वेणू घाईने म्हणाली.

"ते त्यांचे काम झाले, बाळ. नाव काय त्यांचे?"

ज्या हातांनी आईला जपले, त्या हातांच्या धनिणीचे नाव वेणूने कधी विचारलेच नव्हते. दरबारातल्या उत्तराहूनही तिला याची अधिक लाज वाटली. आईचे नाव तर ठाऊक आहे, तिच्यासाठी माग, असे परीने हळूच सुचवले. वेणूने मान हलवली आणि ती घराकडे धावली.

पट्टीताई पट्टी गुंडाळत होत्या आणि चालकाका शेजारी बसले होते. डोळे वर न करता वेणूने क्षमा मागितली आणि दोघांची नावे विचारली.

"मी द्वारका. आणि हे गफूर," त्या हसून म्हणाल्या. "पण जपून हो. चालकाका म्हटल्याशिवाय ते आता वळूनही बघत नाहीत."

वेणू परतली तेव्हा कळ्या थरथरू लागल्या होत्या. दोन्ही नावे नीट उच्चारून तिने मागितले, "यांची पावले कुठे कुठे गेली, ते सर्वांना दिसू दे."

गुलबक्षी उमलली. रानवाटांवर केशरी, गुलाबी, चंदेरी ठसे लुकलुकू लागले आणि पाड्यापाड्यांतल्या उंबरठ्यांपर्यंत झळकत गेले. परीला खांद्यावर घेऊन वेणू घरी परतली. राजवाड्याच्या सज्जातून ते पाहून राजा ठशांमागे चालत निघाला आणि वेणूच्या अंगणात पोहोचला. मागोमाग राजवैद्य आले. हार त्यांनी गळ्यातून काढून हातात धरला होता.

राजाने तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"हाड राजवैद्यांनी सांधले," वेणू म्हणाली. "जखम द्वारकाताईंनी भरून आणली. चालायला गफूरकाका शिकवत आहेत."

राजवैद्यांनी हाराची गाठ सोडली आणि सोनफुले अंगणात आलेल्या त्या दोघांच्या ओंजळींत निम्मी निम्मी ठेवली. तेवढ्यात घरात हालचाल झाली. आई उभी होती, कोणाचाही हात न धरता. एकेक पाऊल टाकत ती उंबरठ्यापर्यंत आली.

"द्वारकाताई, गफूरभाई, आत या," ती म्हणाली.

वेणूने भरल्या डोळ्यांनी परीकडे पाहिले.

"ही जादू माझी नव्हे," परी म्हणाली, आणि त्या लुकलुकत्या ठशांच्या उजेडात विरघळून गेली.