कड्यावरची एकेरी वाट

फार फार पूर्वी समुद्राच्या काठी दोन गावं होती, एक वरचं आणि एक खालचं. दोघांच्या मधे उभा कडा आणि कड्याच्या अंगाला चिकटलेली वीतभर वाट. एका हाताला खडक, दुसऱ्या हाताला नुसती हवा, आणि खाली खूप खोलवर लाटा. दोन माणसं समोरासमोर आली तर एक जण खाली लाटांत जाणार, म्हणून जुन्या लोकांनी ठरवून टाकलं होतं की वरून खाली यायचं ते कड्याने आणि परत जायचं ते खाडीला वळसा घालून. वळशाला अर्धा दिवस मोडायचा, पण तक्रार कुणी करत नसे.

त्या वाटेवर उलट कुणी येतच नाही, मग समोरून जे येईल ते माणूस नव्हे, असं गावात पोरासोरांनाही ठाऊक होतं. ते आपल्या माणसाचा आवाज काढतं म्हणे. ते आलं तर डोळे मिटायचे, खडकाला हात लावायचा, "वाट माझी, तू वारा" म्हणत सरळ चालत राहायचं. त्याला अंग नसतं, त्याच्या आरपार जाता येतं.

वरच्या गावात एक कासारीण होती. तिनेही आपल्या मुलीला, आवडीला, हेच शिकवलं होतं, आणि तेही चांगलं दटावून.

एकदा खालच्या गावात लग्न निघालं. कासारीण सकाळी टोपली घेऊन कड्याने उतरली. नवरीच्या दारात टोपली उघडते तर काय, नवरीचा हिरवा चुडाच घरी राहिलेला! मुहूर्त संध्याकाळचा. वळशाने जाऊन यायचं तर मुहूर्त टळणार, आणि बिनचुड्याची नवरी बोहल्यावर उभी राहिली तर कासारणीला पुन्हा कोण दारात उभं करणार? तिच्या तोंडचं पाणी पळालं. टोपली तिथेच ठेवून ती कड्याच्या तोंडाशी आली.

तिथे एक म्हातारा जाळं विणत बसला होता. "त्या अंगानं नको गो बाय," तो म्हणाला.

"मामा, आत्ता जाऊन येते. भरदुपारी या वाटेला कोण असणार?"

"कोण नसतं म्हणूनच नको."

पण घाईला कान नसतात. कासारीण निघाली.

शे-दोनशे पावलं गेली असेल, तोच समुद्रावरून धुकं चढलं. लाटांचा आवाजही बुजला. आपला हातसुद्धा धड दिसेना. आणि मग समोरून आवाज आला. किण, किण, किण. काकणं वाजत होती.

कासारणीच्या अंगावर सरसरून काटा आला. ती खडकाला चिकटली. किणकिण जवळ आली आणि त्या किणकिणीमागून एक बारीक, कापरा आवाज आला. "वाट माझी, तू वारा. वाट माझी, तू वारा."

आवाज आवडीचा होता! पोरीला घरात चुड्याचं गाठोडं दिसलं असणार आणि आईच्या मागे ती धावत निघाली असणार, अगदी बरोबर वाटेने.

"आवडे, थांब! मी आहे गं, तुझी आई!"

पाऊल थांबलं नाही. उलट आवाज चढला. धुक्यातून पोर बाहेर आली. डोळे घट्ट मिटलेले, एक हात खडकावर, गाठोडं छातीशी. तिला धरावं तर ती दचकणार आणि दोघी खाली जाणार. उभं राहावं तर ती अंगावर चालून येणार. आरपार जाता येतं, हे तिला आईनेच शिकवलं होतं.

कासारीण मागे सरकू लागली. पाठ फिरवायला जागा नव्हती. टाच मागे टेकायची, दगड हलत नाही ना बघायचं, मग दुसरी टाच. त्या वाटेवर भूत असतं की नाही, मला ठाऊक नाही. त्या दुपारी मात्र होतं, आणि ते रडत रडत मागे चाललं होतं. वीतभर अंतरावर मिटल्या डोळ्यांची तिची लेक पुढे येत होती, आणि दोघींमधलं अंतर वाढत नव्हतं.

अखेर टाचेखाली गवत लागलं. कासारीण बाजूला कोसळली. आवडीच्याही पायांना गवत लागलं, तेव्हा तिने डोळे उघडले.

"आई! अगं, ते खरंच असतं! तुझ्याच आवाजात रडत होतं. पण मी तुझं ऐकलं, डोळे उघडलेच नाहीत. सरळ त्याच्या अंगावर चालत गेले."

कासारणीने तिला पोटाशी धरलं. "आवडे, ती मीच होते गं."

आवडी खुदकन हसली. "काहीतरीच! तू कशी असशील? तू कधी उलट जाशील होय?"

म्हाताऱ्याने मान खाली घालून जाळ्याची गाठ मारली.

तात्पर्य: नियम मोडणाऱ्याला वाटतं, आपण फक्त थोडा वेळ वाचवतोय, पण त्याच नियमाच्या भरवशावर समोरून कुणीतरी डोळे मिटून येत असतं, आणि ते आपलंच लेकरू असू शकतं.