हुर्योखाली नाव कुणाचं?

"आपल्याच पोरांची हुर्यो उडवायचा हक्क पेठेला न्हाई, तर मग कुणाला हाय, वस्ताद?"

सयाजी पोवारने प्रश्न विचारला खरा, पण उत्तर तो घरूनच घेऊन आला होता. त्याला हवा होता तो फक्त होकार.

वस्ताद हैबतराव मारुतीच्या गाभाऱ्यासमोर बसून टाळांच्या जुन्या दोऱ्या सोडवत होते. वय ऐंशीच्या घरात. उमेदीत लाल मातीत नाव काढलेले, उतारवयात देवाच्या दारी रमलेले. कोल्हापूरच्या खंदक पेठ तालमीत ते सकाळी पोरांकडून जोर काढून घेत आणि एकादशीला त्याच ओट्यावर निरूपणाला उभे राहत. तालमीचा फुटबॉल संघ मैदानात उतरण्याआधी चेंडू मारुतीच्या पायाला लागे, तोही त्यांच्याच हाताने.

त्यांच्या शब्दाशिवाय पेठेत नवा पायंडा पडत नसे. सयाजीने मात्र गेल्या रविवारी एक पाडला होता.

"रविवारी तुमचा आवाज इथवर आला," वस्ताद म्हणाले. "मी म्हटलं, समोरची पेठ आपल्या पोरांची टर उडवतीय. उठून दिवा सारखा केला, मारुतीला म्हटलं, लेकरांकडं बघ. ... मग कळलं, ओरडणारी माणसं आपलीच."

"आपलीच हुती," सयाजी म्हणाला. त्याला त्यात लाजण्यासारखे काही वाटले नाही.

वाटावे तरी का? बारा वर्षे पेठेचा झेंडा त्याने उचलला होता. एकवीस हलग्यांचा ताफा त्याने उभा केला होता. त्याने हात वर केला की कडकडाट सुरू होई, हात खाली आला की हजार माणसे चिडीचूप. रविवारी सामना संपायला दहा मिनिटे उरली असता कॉर्नरवरून आलेला साधा चेंडू गोलकीपर संग्रामच्या हातून निसटला आणि जाळीत गेला. सयाजीने हलग्या थांबवल्या. दोन्ही तळवे तोंडाशी नेले आणि हुर्यो दिली. क्षणभर तो एकटाच होता. मग साऱ्या पेठेने ती उचलली.

संघ एका गोलने हरला. उद्या साखळीतला शेवटचा सामना. तो गेला की स्पर्धाच संपली. दुसऱ्या गोलकीपरचे बोट मोडलेले, त्यामुळे उभा राहणार संग्रामच. आणि सयाजीने ठरवले होते की उद्या पहिल्या मिनिटापासून, चेंडू त्याच्याकडे गेला रे गेला, की हुर्यो द्यायची.

पण पेठेतली जाणती माणसे अडून बसली होती. वस्ताद म्हणतील तसे, एवढेच त्यांचे म्हणणे.

"आपण गप बसलो की पोरं लाडावत्यात, वस्ताद. टोचणी लागल्याबिगर जनावरबी चढ चढत न्हाई. आणि राग येतो तो काय परक्याचा येतो? जीव हाय म्हणूनच येतो की!"

"राग खरा आहे तुझा," वस्ताद म्हणाले. "खोटा म्हणणाऱ्याला मी तालमीबाहेर काढीन."

सयाजीला बळ चढले. आता त्याने राखून ठेवलेला डाव टाकला.

"आणि तुम्हीच सांगता की निरूपणात. संतांनी विठ्ठलाला काय म्हणायचं बाकी ठेवलं? निष्ठुर म्हणाले, चोर म्हणाले, तोंडावर भांडले. देवाला बोललेलं चालतं, आणि एका गोलकीपरला बोललेलं पाप?"

वस्तादांचे हात थांबले. त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"शाब्बास! ऐकतोस म्हणजे. मला वाटायचं, एकादशीला तू खिचडीसाठी येतोस."

सयाजी हसला. डाव बसला होता.

"बरं, मग मला एक सांग," वस्ताद म्हणाले. "संत देवाला पोटभर बोलतो. नको नको ते बोलतो. आणि अभंग संपतो कसा?"

"संपतो... म्हणजे, नावानं संपतो."

"कुणाच्या? देवाच्या?"

"न्हाई. संताच्या सोताच्या."

"व्हय. शेवटच्या चरणात तो आपलं नाव घालतो. मी, अमक्या अमक्यानं तुला हे ऐकवलं. देवाला जाब द्यायचा झाला, तर कुणाच्या दारात जायचं ते देवाला ठाऊक." वस्तादांनी दोरी दातांत धरून गाठ आवळली. "तुमच्या हुर्योखाली नाव कुणाचं?"

...

"पेठेचं," सयाजी म्हणाला.

"पेठ कुठं राहते? मी जाऊन भेटून येतो."

हे शब्दांचे खेळ झाले, सयाजीला वाटले. म्हातारा आपल्याला गुंडाळतो आहे. त्याने मान ताठ केली.

"नावच पायजे ना? मग घ्या की माझं. मला कुणाची भीती हाय?"

"हे मर्दासारखं बोललास." वस्तादांनी आखाड्याच्या दाराकडे तोंड केले. "संग्राम! जरा बाहेर ये बाळा."

सयाजीच्या हे ध्यानीमनीही नव्हते.

संग्राम आतून आला. वीस-एकवीस वर्षांचा, शिडशिडीत, गुडघ्यापर्यंत लाल मातीने माखलेला. सहा दिवस तो पेठेतून जात नव्हता. नदीकडच्या बोळाने तालमीत येई, आखाडा उकरून देई आणि त्याच वाटेने परत जाई. सयाजीला पाहून तो उंबऱ्यातच थबकला.

"हा सयाजी," वस्ताद म्हणाले, जणू दोघांची ओळखच नव्हती. "याला तुझी हुर्यो उडवायची आहे. उद्या हजारांत उडवणार आहे. आज एकट्यानं उडवू दे. ... हं, सयाजी. नाव सांगून सुरू कर."

गाभाऱ्यात समईची वात तेवढी हलत होती.

सयाजीने तळवे तोंडाशी नेले. घसा खाकरला. तळवे तिथेच राहिले. हजार माणसांत जो आवाज नाभीतून उठे, तो आज गळ्यापर्यंतही येईना. हुर्यो एकट्याने, चार हातांवरच्या माणसाकडे बघून देताच येत नाही, हे त्याला बारा वर्षांत कधी कळले नव्हते.

पण तो मागे हटणाऱ्यांतला नव्हता. त्याने हात खाली घेतले.

"मी सयाजी पोवार," तो म्हणाला, आणि शब्द आपोआप साधे झाले. "तुला सांगतो, संग्राम... सोपा चेंडू हुता. शेंबड्या पोरानं धरला असता. तू सोडलास. मी घरला जाऊन जेवलो न्हाई त्या दिवशी. पेठेचं नाक कापलंस तू."

संग्रामने खाली मान घालून सारे ऐकले. मग वर पाहिले. सहा दिवसांत त्या चेंडूबद्दल त्याच्याशी सरळ बोललेला हा पहिलाच माणूस होता.

"सोपाच हुता, दादा," तो म्हणाला. "मी 'चेंडू माझा' म्हणून वरडलो हुतो. दोनदा वरडलो."

"मग?"

"आपल्या बचावातल्या शिर्केला ऐकू गेलं न्हाई. त्यो पाठमोरा हुता. त्यानंबी उडी मारली, त्याचं डोकं माझ्या मनगटावर आलं. आणि चेंडू सुटला."

"एवढ्या जवळनं ऐकू गेलं न्हाई?"

संग्राम नखाखालची माती काढत राहिला.

"गलका हुता," एवढेच तो शेवटी पुटपुटला.

...

सयाजीला तो कॉर्नर आठवला. चेंडू अजून कोपऱ्यातच होता, तेव्हा त्याने हात वर केला होता. नुसता वर नव्हे, दोन्ही मुठी आवळून, जोरात, आणखी जोरात. पोरांना चेव यावा म्हणून. एकवीस हलग्या अशा कडाडल्या होत्या, की शेजारी उभ्या असलेल्या भावाचे बोलणेही त्याला ऐकू आले नव्हते. त्या कडाडण्याचा त्याला रविवारी संध्याकाळपर्यंत अभिमान होता.

तो मटकन खाली बसला.

"हे सांगितलं का न्हाईस?" त्याचा आवाज चिरकला. "आं? सहा दिवस झालं! शिव्या खात बसलास, आणि बोलला का न्हाईस?"

"कुणाला बोलू, दादा?" संग्राम म्हणाला. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तो खरोखरच विचारत होता. "हजार तोंडं हुती. कुणाकडं बघून सांगायचं?"

सयाजीने वस्तादांकडे पाहिले. त्यांच्याकडून एखादा शब्द येईल, निदान रागाचा तरी, असे त्याला वाटले. वस्ताद दुसऱ्या टाळाची दोरी ओवण्यात गढून गेले होते. जणू जे व्हायचे ते होऊन गेले होते आणि त्यात त्यांचे काम काही उरले नव्हते.

संग्राम तसाच उभा होता. मातीचे पाय उचलून आत जावे की थांबावे, त्याला कळत नव्हते.

"उद्या उभा ऱ्हाणार ना?" सयाजीने विचारले. खाली बघूनच विचारले.

"तुम्ही ऱ्हा म्हणत असशीला तर."

"मी कोण रे म्हणणारा..." सयाजी म्हणाला, आणि थांबला. मग उठून त्याच्यासमोर गेला. "ऱ्हा. मी, सयाजी पोवार, सांगतो. ऱ्हा."

संग्रामने मान हलवली आणि आत गेला. थोड्या वेळाने कुदळीचा आवाज सुरू झाला. मोकळा, एका लयीत.

सयाजीने मारुतीला हात जोडले. वस्तादांच्या पायांवर डोके ठेवले. दाराशी गेला, आणि परत फिरला. मनात आलेला प्रश्न न विचारता परत जाणारा तो माणूस नव्हता.

"वस्ताद, कॉर्नरला हलगी बंद ठेवतो. पेठेलाबी सांगतो, माझ्या तोंडानं. ते झालं. पण एक सांगा... समजा उद्या गलका न्हाई, शिर्के न्हाई, कुणीच न्हाई. चूक त्याची एकट्याची. सरळ सरळ त्याची. मग करायची का न्हाई हुर्यो?"

वस्तादांनी टाळ कानाशी नेऊन वाजवून पाहिला. नाद विरेपर्यंत थांबले.

"गोलच्या मागं, जाळीला नाक लावून बस. चेंडू काढायला तो वळला, की त्याचं तोंड दिसलं पाहिजे. ... मग खुशाल कर."